तुरुंगाच्या कचेरीतलं कपाट

कुलूपकाकांचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत शिरलं की काकांना बाहेर यावं लागायचं. तिन्ही भिंतींवर किल्ल्या टांगलेल्या, एका फळकुटावर काम पकडून ठेवायचा शेगडा आणि कानशी, खाली रॉकेलचा डबा. एक स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकासाठी. काका त्यावर कधी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. उभ्यानं काम, उभ्यानं चहा, आणि काम नसलं की दुकान ते कोपरा, कोपरा ते दुकान अशा येरझाऱ्या. काकू म्हणायच्या, यांच्या बुडाला देवानं टेकायची जागाच दिलेली नाही.

गावात त्यांच्याबद्दल दोन गमतीच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. एक म्हणजे, साऱ्या गावाची कुलपं सांभाळणाऱ्या या माणसाच्या घरात एकही दार धड बंद व्हायचं नाही. कडी लावली की काका उठून ती काढायचे. न्हाणीघराच्या दाराला तर कडीच नव्हती, आत असलेल्यानं गाणं म्हणायचं असा घरचा नियम होता. दुसरी गोष्ट, कुणी किल्ली हरवली म्हणून बोलवायला आलं की काका आधी विचारायचे, "शेजारचे दोघं कोण येणार?" दोन शेजारी समोर उभे राहून "होय, घर यांचंच" म्हणत नाहीत तोवर काका हत्याराला हात लावत नसत. एकदा दवाखान्याचे मोठे डॉक्टर स्वतःच्याच दारात पाऊण तास ताटकळले होते. सारं गाव त्यांना ओळखत होतं, काकांचा दुखरा गुडघाही त्यांनीच बरा केला होता. तरी काका म्हणाले, "ते खरं डॉक्टरसाहेब, पण शेजारी येऊ देत."

लोकांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. ऐन तिशीत असल्यापासून लोक त्यांना म्हातारा म्हणत होते. आता ते खरंच साठीला आले होते.

एके दिवशी सकाळी इतिहासाच्या बाई दुकानात आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हातात वही आणि आवाजात वर्ग अजून तसाच होता. गावाबाहेर नवा तुरुंग झाल्यापासून जुना जिल्हा तुरुंग अठरा वर्षं बंद पडून होता. तो पाडून तिथं दुकानं काढायचा बेत बाईंनी आणि त्यांच्या समितीनं हाणून पाडला होता. वारसा म्हणून इमारतीची नोंद झाली होती, छप्पर झालं होतं, चुन्याची डागडुजी झाली होती. आता घोडं अडलं होतं ते कुलपांपाशी.

"चौदा कोठड्या, चौदा कुलपं," बाई म्हणाल्या. "किल्ल्यांचं एक पोतं सापडलंय, पण कुठली कुठली ते कुणाला ठाऊक नाही. शिवाय कचेरीतलं एक लोखंडी कपाट. तुम्ही आलात तर होईल."

"मला जमणार नाही," काका म्हणाले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

बाई आठवड्यानं पुन्हा आल्या. काकांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून फळकुटावर ठेवली. वीतभर उंचीचं, ओतीव पितळेचं कुलूप. ठेकेदाराच्या माणसानं ते ग्राइंडरनं मधोमध चिरलं होतं. किल्लीनं उचलायच्या आतल्या पट्ट्या, सहाही लिव्हर, उघडे पडले होते, आणि स्प्रिंगा अजून ताठ होत्या.

काकांनी ते उचललं. बोटानं एक लिव्हर दाबला, सोडला. शंभर वर्षांचा असेल, तरी लोण्यासारखा वर आला.

"हे कुणी केलं?"

"ठेकेदार म्हणतो, तेरा उरलीत ती पण अशीच कापतो आणि नवी लावतो. आठ दिवसांत मोकळं."

काकांनी कुलूप अलगद खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्याला सांगा, हात लावू नकोस म्हणावं. मी येतो."

दुकानापासून तुरुंग तीन गल्ल्यांवर होता, पण त्या रस्त्यानं काका एकेचाळीस वर्षांत गेले नव्हते. बाजाराला जाताना ते नदीकडून वळसा घालायचे. काकूंना ते ठाऊक होतं. त्या सकाळी हत्यारांची पिशवी उचलताना काकू दारात आल्या.

"जाताय खरं," त्या म्हणाल्या.

"जातोय."

"मग लेकीला आता तरी सांगून टाका. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं."

"कशाला कळतंय दुसऱ्याकडून," काका म्हणाले, आणि पायात चपला उलट्या घातल्या.

तुरुंगाच्या मोठ्या फाटकाला एक छोटं दार होतं. बाई आधी शिरल्या आणि मागं वळून सांगणार, की काका, डोकं सांभाळा, तोवर काका खाली वाकून, चौकटीचा उंच दगड ओलांडून आत आलेसुद्धा. समितीचे सगळे सभासद त्या दगडाला ठेचकाळले होते. बाईंनी नुसतं पाहिलं.

कोठड्यांची रांग लांबलचक होती. प्रत्येक दाराला जाड दांडा, तो सरकत जाऊन बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात शिरायचा आणि कुलूप त्या कोनाड्यात लागायचं. बाई कौतुकानं सांगू लागल्या, "बघा किती हुशारीनं केलंय. गजांतून हात काढला तरी कुलपापर्यंत पोचू नये म्हणून."

"चार बोटं कमी पडतात," काका म्हणाले.

बाई थांबल्या. "मोजलंय कुणी?"

"अंदाज," काका म्हणाले. पिशवीतून रॉकेल काढून ते पहिल्या कुलपाला लागले.

कामाला हात लागला की काकांचं चित्त थाऱ्यावर येत असे. इथं मात्र तसं झालं नाही. दहा मिनिटं झाली की ते उठायचे, अंगणात जाऊन आकाशाकडे बघून यायचे. पोत्यातल्या किल्ल्या त्यांनी अंगणात ओळीनं मांडल्या, एकेकीचे दात कुलपाच्या पोटाशी ताडून पाहिले. गंजलेली कुलपं रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून सकाळी पिसांनी पुसली. चार किल्ल्या नव्यानं घासून काढाव्या लागल्या. दहा दिवसांत बारा कुलपं चालू झाली. राहिलं ते चार नंबरचं. रोज संध्याकाळी बाई विचारायच्या, "चारचं काय?" काका म्हणायचे, "करू."

मग कपाटाची पाळी आली. जेलरच्या कचेरीत, भिंतीत अर्धं गाडलेलं, माणसाएवढं उंच.

"यात नोंदवह्या असणार," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आत आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, वय, गुन्हा. आपण त्या काचेत मांडू. लोक येतील, आपल्या आजोबा-पणजोबांची नावं शोधतील. इमारत काय, चुना लावला की उभी राहते. तुरुंग म्हणजे खरं तर त्या वह्या."

नोंदवही ते विसरले नव्हते, पण इतक्या वर्षांत ती कुठंतरी रद्दीत गेली असेल असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

ते कपाटापुढं गुडघ्यावर बसले, तारेचा आकडा कुलपात सारला. बाई श्वास रोखून उभ्या. पाव तासात पहिले तीन लिव्हर बोटाला कळले. चौथा अडखळला, मग तोही वर आला. आता मनगट एवढंसं फिरवलं की काम झालं होतं. काकांनी आकडा बाहेर काढला आणि पुसला.

"नाही उघडत, बाई."

आयुष्यात धंद्यातलं एवढं एकच खोटं ते बोलले होते.

दोन दिवसांत गावभर झालं की कुलूपकाकांना एक कुलूप भारी पडलं. न्हावी म्हणाला, काका, नजर अधू झाली का. चहावाला म्हणाला, दोन शेजारी नव्हते म्हणून उघडलं नसेल. काका हसण्यावारी नेत होते, पण दुकानात त्यांच्या हातून साध्या पेटीची किल्ली वाकडी घासली गेली. तिसऱ्या दिवशी बाई निरोप घेऊन आल्या. ठेकेदार सोमवारी गॅसकटर आणणार होता.

"गॅसनं?" काका म्हणाले. "आत कागद आहे ना?"

"मी तेच म्हणाले. तो म्हणतो, थोडंफार करपेल. दुसरा उपाय काय?"

बाई गेल्या आणि काकांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की, करपू दे. जळू दे सगळं. सुटलो. ते घरी आले, जेवायला बसले, अर्ध्यावरून उठले. दुपारभर अंगणातून ओसरीत, ओसरीतून अंगणात फिरले. नदीकाठी जाऊन आले. त्या वह्यांत दुसऱ्यांचीही नावं होती. आपल्या एका नावासाठी ती सगळी जाळायची, आणि तेही एका उघडता येणाऱ्या कुलपापायी. हा विचार मानेवर बसलेल्या माशीसारखा झटकला तरी पुन्हा तिथंच येत होता.

रविवारी दुपारी लेक आली. ती शाळेत गणित शिकवायची, नवरा आणि सासू यांच्याबरोबर गावातच राहायची, आणि दर रविवारी आईवडिलांकडे यायची. काकूंनी तिला पाणी दिलं आणि काकांकडे असं बघितलं की त्यांना टाळता येईना.

"तुला एक सांगायचंय," काका उभ्याउभ्याच म्हणाले. "मी त्या तुरुंगात होतो."

"हो, दहा-बारा दिवस जाताय ना. मला माहितीय."

"तसं नाही. आत होतो. सात महिने."

लेकीनं पेला खाली ठेवला.

काका फेऱ्या घालत सांगत गेले. त्यांचं मूळ गाव इथून चाळीस कोसांवर. एकोणिसाव्या वर्षी ते तिथल्या एका उस्तादाच्या हाताखाली कुलपांचं काम शिकत होते. एक दिवस इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस आला. म्हणाला, घराची किल्ली हरवली, बायको-मुलं बाहेर उन्हात उभी आहेत. उस्ताद जेवायला गेलेले. काकांना वाटलं, आपला हात चालतो हे दाखवायची संधी आहे. गेले, पाच मिनिटांत दार उघडून दिलं. माणसानं पाठ थोपटली. बायको-मुलं कुठं दिसली नाहीत, पण काकांना स्वतःच्या हुशारीचंच कौतुक होतं. तीन दिवसांनी पोलीस दुकानात आले. ते घर त्या माणसाचं नव्हतं, आणि घरात आता काही उरलं नव्हतं.

"उस्तादांनी सांगितलं नाही का?"

"उस्ताद म्हणाले, मी पाठवलं नाही. खोटं नव्हतं ते."

जिल्ह्याच्या तुरुंगात चार नंबरच्या कोठडीत त्यांना टाकलं. खटला उभाच राहीना. सात महिन्यांनी तो सदरेवाला दुसरीकडे सापडला आणि बोलता बोलता म्हणाला, त्या पोराला काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिपायानं दार उघडलं आणि म्हणाला, चल, नीघ.

"घरी का नाही गेलात?"

"गेलो होतो. वडील दारात आले नाहीत. आई आली, पण वडिलांच्या मागं उभी राहिली. मग परत इथंच आलो. इथं मला कुणी ओळखत नव्हतं. जे ओळखत होते ते आत होते."

लेकीनं आईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"लग्नाआधी सांगितलं होतं त्यांनी मला," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

लेक बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "माझं पहिलं स्थळ. सगळं ठरलं होतं. त्यांनी म्हटलं, तुमच्या मूळ गावी एकदा चौकशी करून येतो. तुम्ही म्हणालात, तिकडं जायचं नाही. त्यांनी मोडलं. मी दोन वर्षं आरशात बघायची, की माझ्यात काय खोट आहे."

काकांच्या फेऱ्या थांबल्या. त्यांना पोलीस आठवत होते, वडिलांचं बंद दार आठवत होतं. ही गोष्ट मात्र त्यांनी कधी आपल्या खात्यात धरलीच नव्हती. "मी म्हटलं, बरं झालं," ते म्हणाले. "वाटलं, वाचलो."

"तुम्ही वाचलात," लेक म्हणाली. तिनं पिशवी उचलली आणि चहाला न थांबता गेली.

सोमवारी सकाळी काका ठेकेदाराच्या आधी तुरुंगात पोचले. बाई कचेरीत होत्या.

"उघडतो," काका म्हणाले. "परवाच उघडत होतं. मी खोटं बोललो. पण दोघं जण समोर लागतील."

बाईंनी का म्हणून विचारलं नाही. "एक मी. दुसरं कोण? ठेकेदाराला बोलावू?"

"दुसरी मी," दारातून आवाज आला. लेक उभी होती. डोळे सुजलेले होते, आणि वडिलांकडे न बघता ती कपाटाकडे बघत होती. सकाळी काकूंनी निरोप धाडला होता, आणि शाळेत तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

काका गुडघ्यावर बसले. या खेपेला वीस मिनिटं लागली. चौथा लिव्हर वर आला, मनगट फिरलं, आतला खटका पडला. दार दोघींनी मिळून ओढलं.

वरच्या तीन फळ्यांवर जाड पुठ्ठ्याच्या वह्या ओळीनं उभ्या होत्या, कण्यावर सालं लिहिलेली. बाई एकेका कण्यावरून बोट फिरवू लागल्या. काकांची नजर सालांवरून खाली सरकत गेली. त्यांचं साल सगळ्यात खालच्या फळीवर होतं. त्यांनी वही बाहेर ओढली तर हातात नुसता पुठ्ठा आला. आतून मातीचा लोट फरशीवर पडला. वाळवी भिंतीतून शिरून खालची फळी पुरती खाऊन गेली होती. बारा वर्षांच्या वह्या म्हणजे तेवढी माती.

काका फरशीवर बसून ती माती बोटांनी चिवडत राहिले. एक अक्षरसुद्धा सापडलं नाही. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो राग. ज्याच्या भीतीनं एकेचाळीस वर्षं नदीचा वळसा घातला, लेकीचं स्थळ मोडू दिलं, ते कधीच वाळवीच्या पोटात गेलं होतं.

"माझं नाव होतं यात," ते बाईंना म्हणाले.

"मला शंका होती," बाई हळू म्हणाल्या. "चार बोटं म्हणालात ना, त्या दिवशीच दुपारी मी दुसऱ्या कोठडीत जाऊन हात बाहेर काढून बघितला. चारच बोटं कमी पडतात."

"मग बोलला का नाहीत?"

"ते तुम्ही बोलायचं होतं."

लेकीनं खाली वाकून मातीतून रिकामा पुठ्ठा उचलला, झटकला, वरचं साल वाचलं. मग वडिलांना विचारलं, "त्या कोठडीत अजून कोण कोण होतं?"

"नऊ जण. माझ्यासकट दहा."

"आठवतात?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना स्वतःचं नाव विचारलं होतं.

पुढचे तीन दिवस शाळा सुटल्यावर लेक वही घेऊन यायची. चार नंबरच्या कोठडीत एक घडीची खुर्ची टाकून ती लिहायची, आणि काका तिथल्या आठ पावलांत इकडून तिकडं चालत सांगायचे. चारचं कुलूप काकांनी एकदाचं काढलं होतं; दार सताड उघडं, शिवाय मध्ये वीट लावलेली. गाडीवान होता, बांधावरच्या भांडणात आलेला, झोपेत बैलांना हाका मारायचा. शिंपी होता, सदऱ्याच्या शिवणीत सुई लपवून आणलेला, सगळ्यांचे फाटके कपडे त्यानंच शिवले, आणि झडतीच्या दिवशी ती सुई दातांत धरायचा. पहारेकरी होता, जो स्वतःच्या पहाऱ्यात झोपला म्हणून आत आला आणि आत आल्यावर त्याला झोप लागेना. एक शिकलेला कारकून होता, सगळ्यांचे अर्ज लिहायचा, स्वतःचा कधीच लिहिला नाही. बहुतेकांचं नाव, गाव, धंदा काका सांगत गेले. लेक मध्येच थांबून गणिताच्या बाईसारखी फेरतपासणी करायची, "हा आधी आला की तो?" एरवी दोघांत फारसं बोलणं नव्हतं.

शेवटी काकांचं नाव आलं. वय एकोणीस. गुन्हा, दुसऱ्याचं घर उघडलं. बाई शेजारी होत्या, त्या म्हणाल्या, "निकालाच्या रकान्यात निर्दोष असं लिहू या."

"नको," काका म्हणाले. "सोडून दिलं, असं लिहा. निर्दोष आहेस असं मला कुणी कधी म्हटलंच नाही."

लेकीनं तसंच लिहिलं. शाईचा पेन बंद केला, पुन्हा उघडला आणि त्याच ओळीखाली, न विचारता, स्वतःची सही केली. खाली लिहिलं, मुलगी.

त्या दिवशी ती घरी येऊन चहा पिऊन गेली. सगळं मिटलं असं नव्हे. अजूनही रविवारी बोलता बोलता ती एकदम गप्प व्हायची, आणि काकांना कळायचं की ती कुठं जाऊन थांबली आहे. अशा वेळी ते पूर्वीसारखे अंगणात पळत नसत. गप्प होऊन ऐकत, ती काही बोलत नसली तरी.

तुरुंग लोकांसाठी उघडला तेव्हा वरच्या फळ्यांवरच्या वह्यांच्या काचेशेजारी लेकीच्या अक्षरातली ती आठ पानंही मांडली गेली. गावात चार दिवस कुजबूज झाली. न्हाव्यानं दाढी करताना हात जरा जपून फिरवला, एवढंच. डॉक्टर मात्र मुद्दाम दुकानात आले, त्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता कळलं, मी पाऊण तास का उभा होतो."

महिनाभरानं एक वयस्कर बाई दुकान शोधत आली. शिंप्याची मुलगी. ती पानं तिनं दोनदा वाचली होती. वडील कुठं होते हे तिला घरी कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, "ते आमच्याबद्दल काही बोलायचे का?"

काकांनी तिला सुईची गोष्ट सांगितली, सदऱ्याच्या टाक्यांची सांगितली. ती ऐकत होती, पण विचारलेलं ते नव्हतं. काका कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. "बोलायचे," ते म्हणाले. "एक मुलगी आहे म्हणायचे, काज चांगलं करते. अजून काय म्हणायचे ते मला आठवत नाही. आठवलं की कळवतो."

ती गेली, आणि काकांच्या जिवाला नवा घोर लागला. नऊ जणांतल्या आठांची नावगावं त्यांनी सांगितली होती. नववा एक म्हातारा होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. आपण कशासाठी आत आहोत हेही त्याला धड सांगता येत नव्हतं. पानावर त्याच्यापुढं लेकीनं नुसतं 'मामा' लिहिलं होतं, पुढचे रकाने कोरे. त्याच्या घरचं कुणी असंच शोधत आलं तर त्याला तो सापडणार कसा? आता शनिवारी कुलपांना तेल घालायला काका तुरुंगात जातात तेव्हा कुणी सत्तरीच्या पुढचं माणूस दिसलं की हातातलं कापड तसंच ठेवून त्याच्यामागं जातात. विचारतात, डाव्या कानाला भोक असलेला, उंच, वाकून चालणारा, तुमच्या घरात कुणी होता का. लोक मान हलवतात. काका परत येतात, पुढचं कुलूप उघडतात आणि फाटकाकडे एक डोळा ठेवून तेल घालत राहतात.